व्हिडिओ थांबवल्यावर काय होतं

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. ऐरोलीतल्या एका शाळेत मी अधूनमधून मुलांना प्रयोग दाखवायला जातो. त्या दिवशी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. बाईंनी चंद्रकलांचा व्हिडिओ लावला, जेमतेम साडेचार मिनिटांचा. चित्रं सुरेख होती आणि आवाज स्वच्छ. चंद्र पृथ्वीभोवती फिरतोय आणि कोपऱ्यातल्या चौकटीत त्याची कोर वाढत जातेय, असं सगळं नीट दाखवलं होतं. संपल्यावर बाईंनी विचारलं, "कळलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो बाईऽऽ!"

घंटा व्हायला वेळ होता. बाईंना विचारून मी मुलांना एकच काम दिलं: अष्टमीला चंद्र अर्धा का दिसतो, ते आकृती काढून दाखवा. कागद गोळा केले. निम्म्याहून अधिक कागदांवर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत होते आणि चंद्रावर पृथ्वीची सावली पडलेली होती. व्हिडिओत सावलीचं नावही नव्हतं. तरी पहिल्या बाकावरच्या एका मुलाने ठामपणे सांगितलं, "काका, व्हिडिओत दाखवलं ना, सावली पडते!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं दिसलं होतं. डोळ्यांसमोरून उत्तम व्हिडिओ गेला आणि डोक्यात आधीचीच चूक आणखी पक्की झाली. हे कसं घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या मनात दोन वेगळ्या जागा आहेत असं समजा. एक मोठं कोठार. मोरीवरच्या माळ्यासारखं, तिथे वर्षानुवर्षांचं सामान राहतं. दुसरा स्वयंपाकघरातला ओटा. कापणं, मळणं, मिसळणं, सगळं काम ओट्यावरच होतं. पण ओटा छोटा. नवं पातेलं ठेवायचं तर जुनं उचलावं लागतं. या ओट्याला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची क्षमता साधारण सात गोष्टींची आहे असं मांडलं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास असल्याचं दाखवलं. या ओट्यावर गोष्टी फार वेळ टिकतही नाहीत. पीटरसन दांपत्याने १९५९ साली लोकांना फक्त तीन अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि लगेच उलटे आकडे मोजायला लावले. १८ सेकंदांनंतर ती अक्षरं बहुतेकांच्या मनातून पुसली गेली होती. फक्त तीन अक्षरं, तीही धडधाकट, हुशार माणसांच्या मनातून!

१९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी या ओट्याचे भाग पाडून दाखवले. शब्दांसाठी एक फिरती पट्टी आणि चित्रांसाठी एक पाटी, असे दोन कप्पे आणि दोघांवर लक्ष ठेवणारा एक मुकादम. यातली शब्दांची पट्टी मला विशेष आवडते, कारण तिचा अनुभव आत्ता, बसल्या जागी घेता येतो. कोणाला तरी हे सहा आकडे एकदाच वाचून दाखवायला सांगा: दोन, नऊ, चार, सात, एक, पाच. मग न बघता म्हणा. जमेल. आता हे सहा: एकोणसाठ, अठ्ठ्याहत्तर, त्रेचाळीस, सत्त्याण्णव, एकोणऐंशी, शहाऐंशी. बहुतेक जण चौथ्या-पाचव्यापाशी अडखळतात. दोन्ही वेळा आकडे सहाच होते. मोठा फरक उच्चाराला लागणाऱ्या वेळाचा. बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की साधारण दोन सेकंदांत जेवढं उच्चारता येतं, तेवढंच या पट्टीवर मावतं. पट्टी सतत फिरत राहते, आपण मनातल्या मनात तेच पुन्हा म्हणत राहतो. आणि शब्द लांब झाले की फेरी पूर्ण होण्याआधीच मागचे पुसट होतात. वेल्श भाषेत एकेरी आकडे म्हणायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसांनाही वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात राहतात, असं १९८० सालच्या एका अभ्यासात आढळलं. ठाण्यात घरी शुद्ध मराठी बोलणारी माणसंसुद्धा मोबाइल नंबर सांगताना 'नाइन एट टू' असा एकेक आकडा सुटा सांगतात. जोडीजोडीने 'अठ्ठ्याण्णव, सत्तावीस' म्हणायचं टाळण्यामागे सवय तर असेलच, पण या पट्टीचाही हात असावा असं मला वाटतं.

आता वर्गात परत या. निवेदक म्हणतो: चंद्राचा प्रकाशित भाग आपल्याकडे किती वळलेला आहे, हे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्यातल्या कोनावर अवलंबून असतं. हे ऐकायला पाच-सहा सेकंद लागतात. 'प्रकाशित', 'कोन', 'अवलंबून' हे शब्द पट्टीवर फिरतायत. त्याच वेळी पडद्यावर गोळे फिरतायत, ते पाटीवर उमटवायचेत. आणि समजण्याचं खरं काम तिसरंच आहे: पट्टीवरचा 'कोन' पाटीवरच्या कुठल्या दोन रेषांमधला, हे जुळवणं. ते जुळवण्याआधी निवेदक पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. छापलेल्या पानावर डोळा मागे जाऊ शकतो, फळ्यावरची आकृती तास संपेपर्यंत तिथेच असते. व्हिडिओतलं दृश्य मात्र आलं आणि गेलं. या क्षणभंगुरतेची किंमत ओट्याला मोजावी लागते. गेलेलं दृश्य धरून ठेवायलाच जागा संपते, जुळवायला उरत नाही.

त्यात सेमी-इंग्रजीच्या वर्गात आणखी एक थर चढतो. आवाज इंग्रजी, पडद्यावर तीच वाक्यं अक्षरात आणि मुलगी मनातल्या मनात ती मराठीत आणतेय. बोललेली वाक्यं जशीच्या तशी पडद्यावर लिहिली तर, भाषा ओळखीची असताना, उलट अडचण होते. डोळे वाचण्यात गुंततात आणि चित्र राहून जातं. भाषा परकी असेल किंवा शब्द अगदी नवे असतील, तर मात्र त्याच ओळी मदतीला येतात. म्हणजे दोन शेजारच्या वर्गांत एकाच व्हिडिओचं उत्तर वेगळं येऊ शकतं. बाईंना हे अवघड जाणवत नाही, कारण त्यांच्या कोठारात सूर्य-पृथ्वी-चंद्राची अख्खी मांडणी एका गाठोड्यात बांधून ठेवलेली आहे. ते गाठोडं ओट्यावर ठेवलं की एकच जागा अडते. मुलांकडे त्याच मांडणीचे सुटे दहा तुकडे असतात.

उपाय साधा आहे. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ मध्ये, आकाशात वीज कशी तयार होते ते सांगणारं सुमारे १४० सेकंदांचं ॲनिमेशन १६ तुकड्यांत कापलं. प्रत्येक तुकड्यानंतर चित्र थांबायचं, बटण दाबलं की पुढे जायचं. चित्रं तीच, शब्द तेच. तरीही ज्यांनी तुकड्यातुकड्याने पाहिलं, ते अनोळखी प्रश्नांची उत्तरं जास्त चांगली देऊ शकले. म्हणून व्हिडिओ चार मिनिटांचा आहे की दहा, यावरून पालक आणि शाळा जेवढा वाद घालतात, तेवढं त्या लांबीत काही नाही. चार मिनिटांचा व्हिडिओसुद्धा न थांबवता लांबच असतो.

थांबल्यावर काय करायचं, हा पुढचा भाग, आणि शाळांमध्ये नेमका तोच वगळला जातो. नुसतं थांबून 'कळलं का?' विचारण्याचा उपयोग नाही. नीट जमलेली गोष्ट पाहिली की ती आपल्याला येते असं वाटू लागतं. २०१८ मध्ये मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी लोकांना कौशल्याच्या करामती व्हिडिओवर पुन्हा पुन्हा दाखवल्या, त्यात भांडी न हलवता खालचं टेबलक्लॉथ झटक्यात ओढण्याचीही होती. जितक्या जास्त वेळा पाहिलं, तितका 'मला जमेल' हा विश्वास वाढला. प्रत्यक्ष करताना मात्र काही फरक पडला नाही. 'हो बाई' हे उत्तर असंच प्रामाणिक आणि निरुपयोगी असतं.

थांबल्यावर पडदा काळा करावा, पुस्तक मिटावं आणि मुलाने आत्ता पाहिलेलं स्वतःच्या हाताने कागदावर काढावं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. कोठारातून वस्तू बाहेर काढताना तिथे जायची वाट रुळते. व्हिडिओतही हेच लागू पडतं. २०१३ मध्ये कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २१ मिनिटांचं एक व्याख्यान चार भागांत दाखवलं. प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिलेल्यांचं मन, न दिलेल्यांच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यानेच भरकटलं.

याच ठिकाणी थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. 'माणूस वाचलेलं दहा टक्के, ऐकलेलं वीस टक्के, पाहिलेलं तीस टक्के लक्षात ठेवतो' असा तक्ता डिजिटल वर्गांच्या जाहिरातींत सर्रास दिसतो. त्या गोल आकड्यांच्या मागे कुठलाही प्रयोग नाही. एडगर डेल यांच्या १९४६ सालच्या ज्या आकृतीचं नाव त्यांना चिकटवतात, तिच्यात टक्के नव्हतेच. 'तुमचं मूल व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघून शिकणारं, आहे' हेही तसंच. मुलांचे असे प्रकार पाडून त्याप्रमाणे शिकवल्याने ती जास्त शिकतात, याला पुरावा मिळालेला नाही. आणि मेंदूचा मधला भाग जागवतो असं सांगत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारी 'मिडब्रेन'ची शिबिरं तर शुद्ध फसवणूक आहेत. मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात आणि आईवडील त्यासाठी हजारो रुपये मोजतात. शाळांमधली पुस्तकं लवकरच मोडीत निघतील आणि सारं सिनेमातून शिकवता येईल, असं एडिसन १९१३ सालीच म्हणाला होता. आज आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर क्यूआर कोड असतो आणि पुस्तक तरीही मुलाच्या हातात असतं, ही चांगली गोष्ट आहे.

राहिली सावली. सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ च्या आपल्या पीएचडी प्रबंधात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंचे वेगवेगळे प्रकार तपासले. एकात सरळ, सुबोध स्पष्टीकरण होतं. दुसऱ्यात एक पात्र विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका बोलून दाखवायचं आणि मग त्या तपासल्या जायच्या. पहिला व्हिडिओ पाहणाऱ्यांना तो सोपा, स्पष्ट वाटला, पण त्यांच्या उत्तरांत फारशी सुधारणा झाली नाही. दुसरा गोंधळात टाकणारा वाटला, आणि त्यातून विद्यार्थी जास्त शिकले. स्पष्टीकरण सुबोध असलं की मन 'हे तर ठाऊकच आहे' म्हणून सैल बसतं आणि आधीच्या समजुतीला साजेसं तेवढं पाहतं. सावलीवाल्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं.

बाईंना हे सगळं मी एका चहाच्या वेळात सांगितलं, आणि त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं वापरलं. पुढच्या तासाला त्यांनी लगेच व्हिडिओ लावला नाही. आधी मुलांचे सावलीचे कागद भिंतीवर चिकटवले. मग तोच व्हिडिओ चार ठिकाणी थांबवला आणि प्रत्येक वेळी पडदा बंद करून दोन मिनिटं आकृती काढायला लावली. पुढच्या शुद्ध अष्टमीला दुपारच्या सत्राची शाळा सुटल्यावर वर्ग मैदानात उभा केला. सूर्य खाडीपलीकडे मुलुंडच्या अंगाला उतरत होता. अर्धा चंद्र दक्षिणेला चांगला वर होता. "उजवा हात सूर्याकडे, डावा चंद्राकडे," बाई म्हणाल्या. हातांचा काटकोन झाला. "आता पृथ्वीची सावली कुठल्या दिशेला पडेल?" मुलं वळून पारसिकच्या डोंगराकडे बघू लागली. सावली सूर्याच्या बरोबर उलट दिशेला, पूर्वेकडे. चंद्र तिकडे नव्हताच. सावलीवाला मुलगा बराच वेळ एकदा डोंगराकडे आणि एकदा चंद्राकडे बघत राहिला.

दिवा कोळीवाड्यातल्या एका मुलीने हात खाली घेतले नव्हते. तिच्या घरी अष्टमी म्हणजे भांग, म्हणजे सर्वात कमी भरती, आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, त्यामुळे तिथी तिला पाठच. ती डावा हात सावकाश पूर्वेकडे नेत म्हणाली, "बाई, पण पौर्णिमेला हात असे सरळ होतील. मग तेव्हा तर सावली चंद्रावर पडलीच पाहिजे. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही लागत?"

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून चंद्र बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. बाईंनी मला हाताने थांबवलं आणि तिला म्हणाल्या, "का लागत नसेल? उद्या काढून आण."