स्टीलची रोड सायकल बांधून घेताना: ऑर्डर फॉर्ममागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

मापाने बांधलेली स्टीलची रोड सायकल घ्यायची म्हटली की बिल्डर आधी एक फॉर्म भरून मागतो. नळ्या कोणत्या, जोड लगचे (नळ्या खोबणीत बसवायचे सांधे) की टिग वेल्डिंगचे (विजेच्या ठिणगीने नळ्या थेट वितळवून जोडणे), बॉटम ब्रॅकेटचे (पेडलच्या ॲक्सलचे बेअरिंग) आटे कोणते, हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी) किती मिलिमीटरची, मागच्या ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचा) अंतर किती, ब्रेक रिमचे की डिस्कचे. पहिल्यांदा सायकल बांधून घेणाऱ्याला हे सगळे आवडीनिवडीचे प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक रकान्यामागे कुठल्या तरी काळात बिल्डरांना भेडसावलेली एक अडचण आहे आणि तिच्यावर त्यांनी काढलेला तोडगा आहे. ती अडचण समजली की तो तोडगा आज आपल्या उपयोगाचा आहे का, हे ठरवता येते.

सुरुवात नळ्यांपासून. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही दोन जवळपास सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आणली आणि पुढच्या काही वर्षांत आजची चौकटीची फ्रेम रूढ झाली. या चौकटीत सगळा ताण जोडांपाशी येतो, आणि जोड करताना नळी तापवावी लागते तीही तिथेच. म्हणजे टोकाला जाड भिंत हवी, पण मधल्या भागात तेवढ्या जाडीचे काहीच काम नसते. बर्मिंगहॅममध्ये रेनॉल्ड्स घराण्याचा खिळे बनवण्याचा व्यवसाय होता. त्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये ‘बटेड’ नळीचे पेटंट घेतले. बाहेरून नळी एकसारख्या व्यासाची, आतून मात्र टोकांना जाड आणि मध्ये पातळ. चांगल्या स्टीलच्या फ्रेमचा पाया आजही हाच आहे. कोलंबस कंपनीच्या गाजलेल्या ‘एसएल’ नळ्यांमध्ये टोकाला ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर भिंत असे. आजच्या संचांमध्ये ०.८-०.५-०.८ किंवा त्याहून पातळ आकडे दिसतात.

या आकड्यांशेजारी जाड भागाची लांबीही विचारून घ्यावी. नळ्या ठरावीक लांबीच्या येतात आणि बिल्डर त्या टोकांकडून कापून मापात आणतो. फ्रेम लहान असेल तर कापण्यात जाड भागच निघून जातो आणि जोड पातळ भिंतीवर किंवा जाडी बदलते नेमक्या त्या जागी येतो. तडा तिथूनच जातो. बुटक्या चालकाची फ्रेम बांधताना जाणता बिल्डर म्हणूनच वेगळ्या लांबीची नळी मागवतो, किंवा एकाच टोकाकडून कापतो.

पुढची झेप धातूची होती. १९३५ मध्ये रेनॉल्ड्सची मँगनीज-मॉलिब्डेनम मिश्रणाची ‘५३१’ नळी आली आणि चार दशके तिचे राज्य राहिले. (जॅग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही हीच नळी होती.) इटलीत १९१९ साली मिलानमध्ये आंजेलो लुइजी कोलंबो यांनी सुरू केलेल्या कारखान्यातून कोलंबसच्या क्रोम-मॉलिब्डेनम नळ्या पुढे आल्या. १९७६ मध्ये रेनॉल्ड्सने उष्णता-प्रक्रिया केलेली ‘७५३’ काढली. तिची ताकद त्या प्रक्रियेतूनच आलेली असल्यामुळे जोड करताना ती जास्त तापली की ताकद जाई. पितळेने ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने सांधणे) करायला साधारण ९०० अंश सेल्सियस लागतात. चांदीच्या मिश्रणाने तेच काम साडेसहाशेच्या आसपास होते. तेव्हा ७५३ चांदीनेच जोडायची आणि तीही कंपनीकडे नमुन्याचे जोड तपासून मान्यता मिळवलेल्या बिल्डरांनी. चांदीचे मिश्रण पातळ होऊन फटीत ओढले जाते, मोठी फट मात्र भरून काढत नाही. म्हणून नळीचा काप दुसऱ्या नळीच्या गोलाईवर अगदी चपखल बसावा लागतो. बिल्डरची सफाई आजही इथेच दिसते, फक्त रंगाखाली झाकली जाते. फ्रेम तयार होत असताना रंगाआधीचे फोटो मागण्यात काहीही गैर नाही.

आता स्टीलबद्दलच्या एका मोठ्या गैरसमजाकडे वळू. महागडे स्टील म्हणजे ताठ फ्रेम, असे बरेच जण धरून चालतात. स्टील साधे असो वा उच्च प्रतीचे, त्याचा ताठरपणा, म्हणजे यंगचा गुणांक, २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. चांगल्या मिश्रणाने वाढते ती ताकद, म्हणजे कायमचे वाकण्याआधी किंवा तुटण्याआधी किती ताण सोसेल ती मर्यादा. तिचा फायदा भिंत पातळ करायला होतो. पण व्यास तोच ठेवून भिंत पातळ केली तर फ्रेम हलकी होते आणि लवचिकही. तो ताठरपणा परत मिळवायचा तर व्यास वाढवावा लागतो. पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या आणि भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात बदलतो. डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून पेडलकडे उतरणारी नळी) २८.६ वरून ३१.८ मिलिमीटरची केली तर त्याच जाडीला ताठरपणा साधारण ३७ टक्क्यांनी वाढतो. भिंत ०.८ ची ०.६ केली तरी नळी जुन्या नळीइतकीच ताठ राहते आणि वजन सुमारे १६-१७ टक्क्यांनी घटते.

हिशेब इतका सरळ असताना व्यास वाढायला १९८०चे दशक का उजाडावे लागले? कारण लग. नळ्या ज्या खोबणीत बसवून ब्रेझिंग करतात ते हे सांधे ठरावीक व्यासाचे आणि ठरावीक कोनाचे बनत. इंग्लिश-इटालियन मापात टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) २५.४, सीट ट्यूब (सीटखालची नळी) आणि डाउन ट्यूब २८.६ मिलिमीटर, फ्रेंच मापात २६ आणि २८. पुढच्या डिरेलरचा (साखळी सरकवून गिअर बदलणारा भाग) क्लॅम्प, सीटपोस्ट (सीटची दांडी), लग या सगळ्यांचे साचे या आकड्यांवर बेतलेले. २७.२ मिलिमीटरचा सीटपोस्ट प्रमाण मानला गेला तोही याच साखळीतून: २८.६ च्या नळीतून दोन्ही बाजूंची ०.६ भिंत वजा केली की आतला व्यास २७.४ उरतो, आणि त्यात २७.२ ची दांडी अलगद बसते. लग पत्रा दाबून बनत तोवर कारागीर ते थोडेफार वाकवून, कानशीने घासून कोन जुळवून घेत. नंतर अचूक ओतीव लग आले. घासण्याचे कष्ट वाचले, पण कोन बदलायची मुभा जवळजवळ संपली. मागे उतरती टॉप ट्यूब हवी असेल तर त्याच कोनाचा लग मिळायला हवा.

ही कोंडी आधी बीएमएक्स (लहान चाकांची कसरतीची सायकल) आणि मग माउंटन बाइकने फोडली. तिथे जाड नळ्या हव्या होत्या आणि त्या मापाचे लगच नव्हते. म्हणून टिग वेल्डिंग आणि पितळेची गोलाई भरून केलेले लगविना ब्रेझिंग रुळले. १९९५ ची रेनॉल्ड्स ‘८५३’ याच पद्धतीला साजेशी निघाली: वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना जोडाजवळचा भाग कमकुवत होण्याऐवजी कठीण होतो. सारांश इतकाच की लग दिसायला देखणे असतात, पण त्यांच्यासोबत व्यास आणि कोनाची बंधने येतात. मोठा व्यास, उतरती टॉप ट्यूब किंवा नेहमीपेक्षा वेगळे कोन हवे असतील तर टिग किंवा लगविना ब्रेझिंग निवडावे.

मापाने सायकल बांधून घेणे ही एके काळी शर्यतीतली रीतच होती. इटलीत चिनो चिनेल्ली, फालिएरो मासी, उगो दे रोसा, एर्नेस्तो कोलनागो यांच्या हातच्या फ्रेम खेळाडूंच्या अंगमापाने बनत; मासींची कार्यशाळा तर मिलानच्या विगोरेल्ली वेलोड्रोमच्या (सायकल शर्यतींचा ट्रॅक) आवारात होती. नामांकित खेळाडू आपल्या विश्वासातल्या बिल्डरकडून फ्रेम घेई आणि तिच्यावर नाव प्रायोजकाचे रंगवले जाई. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत बेल्जियमचे शर्यतपटू एडी मर्क्स यांनी तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले ते कोलनागोने बांधलेल्या, कोलंबस नळ्यांच्या सायकलवर. फ्रान्समध्ये रने एर्स आणि अलेक्स सँजे या बिल्डरांच्या परंपरेने वेगळी दिशा घेतली. मडगार्ड, दिवे आणि सामानाचा रॅक धरून आखलेली अख्खी सायकल ते बांधत. ‘टायर आणि मडगार्ड आधी सांगा’ हा चांगल्या बिल्डरचा आग्रह त्यांच्याच वळणाचा आहे.

टूर द फ्रान्स स्टीलच्या फ्रेमवर शेवटची जिंकली गेली १९९४ मध्ये. विजेते मिगेल इंदुराइन. त्यानंतर आधी ॲल्युमिनियम आणि मग कार्बन आला. कार्बनच्या प्रत्येक मापाला स्वतंत्र महागडा साचा लागतो, म्हणून मापे पाच-सहा राहिली आणि चालकाने आपले शरीर त्यात बसवायचे असे ठरले. स्टीलला साचा लागत नाही. जिगवर (नळ्या पकडून ठेवणारा सांगाडा) कोन आणि लांबी बदलली की नवे माप तयार. शर्यतीतून बाहेर पडूनही स्टील टिकले ते या एका गुणामुळे. जपानच्या केइरिन या ट्रॅकवरच्या शर्यतींनी तर आपल्या नियमांतच मान्यताप्राप्त बिल्डरांच्या स्टील फ्रेम ठेवल्या. अमेरिकेत १९७०च्या दशकात लंडनच्या कार्यशाळांतून शिकून आलेल्या तरुणांनी ही कला रुजवली, आणि २००५ पासून तिकडे, २०११ पासून ब्रिस्टलमध्ये, हातबांधणीच्या सायकलींची स्वतंत्र प्रदर्शने भरू लागली.

आता फॉर्मवरचे किचकट रकाने. मागचे अंतर पाच गिअरच्या काळात १२० मिलिमीटर होते, सहा-सात गिअरला १२६, आठपासून १३० आणि डिस्क ब्रेकच्या थ्रू-ॲक्सलला (ड्रॉपआउटमधून आरपार जाऊन आट्यात बसणारा ॲक्सल) १४२. जुनी १२६ ची स्टील फ्रेम थंड अवस्थेतच दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर वाकवून १३० ची करता येते. मात्र नंतर ड्रॉपआउट एकमेकांना समांतर करावेच लागतात, नाहीतर ॲक्सलवर वाकडा ताण येऊन तो मोडतो. थ्रू-ॲक्सलमध्ये असली सवलत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने ड्रॉपआउट अर्धा मिलिमीटर सरकला तरी ॲक्सल आट्यात तिरका शिरतो. फ्रेम हातात आली की सर्वांत आधी रिकामा ॲक्सल बोटांनी फिरवून पाहावा. शेवटपर्यंत अडखळता कामा नये.

बॉटम ब्रॅकेटच्या इटालियन मापात शेल (बॉटम ब्रॅकेट बसतो ती आडवी नळी) ७० मिलिमीटरचे आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवे. पेडल मारताना बेअरिंगच्या फिरण्यामुळे ते धरणारा कप उलट दिशेने ढकलला जातो, त्यामुळे उजवा कप सैल होत राहतो. इंग्लिश मापात शेल ६८ मिलिमीटरचे आणि उजव्या बाजूला डावे आटे, म्हणून ते दुखणे नाही. नव्या फ्रेमसाठी इटालियन माप घ्यायचे एकही व्यावहारिक कारण दिसत नाही. जाड ॲक्सलचा क्रँक हवा असेल किंवा हायड्रॉलिक नळ्या आतून न्यायच्या असतील तर २०१५च्या सुमारास आलेले टी-४७ शेल सोयीचे. त्यात ४७ मिलिमीटरचे आटे आहेत, दाबून बसवायचे काही नाही, त्यामुळे करकरही कमी.

हेड ट्यूबच्या बाबतीत एक इंची आट्यांच्या फोर्कनंतर (फोर्क म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपायी भाग) १९९०च्या दशकात सव्वा इंचाच्या अलीकडचा, २८.६ मिलिमीटरचा आटे नसलेला फोर्क आला. खाली रुंद होणारा कार्बन फोर्क बसावा म्हणून आता ४४ मिलिमीटर आतल्या व्यासाची हेड ट्यूब वापरतात. इथे मात्र काहीतरी गमावलेही आहे. पूर्वी बिल्डर फोर्कचे पाय स्वतः वाकवत असे, म्हणजे रेक (चाकाचा ॲक्सल हँडलच्या अक्षापासून किती पुढे आहे ते अंतर) चालकानुसार ठरे. तयार कार्बन फोर्क ४३, ४५ अशा मोजक्याच रेकमध्ये मिळतात. २८ मिलिमीटरच्या टायरवर, ७३ अंशांच्या हेड कोनाला ४५ चा रेक दिला की ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला मिळतो त्या बिंदूपासून टायर टेकते तिथपर्यंतचे अंतर) ५७ मिलिमीटरच्या आसपास येते; हँडल हलके आणि स्थिर दोन्ही वाटते. लहान फ्रेममध्ये पेडलवरचा पाय पुढच्या चाकाला घासू नये म्हणून कोन ७२ केला आणि रेक तोच राहिला तर ट्रेल ६३ च्या जवळ जाते आणि कमी वेगात हँडल जड लागते. लहान फ्रेमला ५० च्या पुढच्या रेकचा फोर्क मिळतो का ते आधी शोधावे, नाहीतर स्टीलचा फोर्कच बांधून घ्यावा.

डिस्क ब्रेकने स्टीलचा फोर्क बदलून टाकला. रिम ब्रेकचा जोर वर क्राउनजवळ (फोर्कचे दोन पाय जुळतात तिथे) येतो, म्हणून पाय खाली निमुळते होत जात आणि रस्त्याचे धक्के गिळत. डिस्कचा जोर डाव्या पायाच्या तळाशी येतो. तो पाय खालपर्यंत जाड ठेवावा लागतो आणि लवचिकपणा जातो. ३० मिलिमीटरपर्यंतचे टायर पुरत असतील तर ४७-५७ मिलिमीटर रीचचा (बोल्टपासून ब्रेकच्या रबरापर्यंतचे अंतर) रिम ब्रेक हा आजही हलका, सोपा पर्याय आहे. केबलचेही तसेच. शिमानोचे ब्रेक लिव्हरमधले गिअर १९९० मध्ये आणि काम्पान्योलोचे १९९२ मध्ये आले, तेव्हा डाउन ट्यूबवरचे लिव्हर गेले. पुढे केबल आत घालण्यासाठी नळ्यांना भोके पडू लागली, आणि पातळ भिंतीतले मजबुतीविना पाडलेले भोक ही तड्याची हमखास जागा. बिनतारी गिअर घेणार असाल तर ही भोके पाडूच नका.

फ्रेम रंगून आली की जोडणीआधी बॉटम ब्रॅकेटचे आटे टॅपने साफ करणे, शेलच्या आणि हेड ट्यूबच्या कडांवरचा रंग काढून त्या सपाट करणे आणि सीट ट्यूब रीमरने २७.२ ला नीट करणे, ही कामे बिल्डरने केलीत का हे लेखी विचारावे. रंगाच्या थरावर दाबलेला हेडसेट (हेड ट्यूबमधला बेअरिंगचा संच) तिरका बसतो आणि बेअरिंग खाऊन टाकतो. आटे आणि सीटपोस्टला भरपूर ग्रीस, बॉटम ब्रॅकेट ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळावा. नळ्यांमध्ये गंजरोधक तेल फवारून फ्रेम सगळ्या बाजूंना फिरवावी, म्हणजे ब्रेझिंगच्या वेळी हवा निघण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांतून ते मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांमध्येही पोचते. शेलच्या तळाला पाणी निघायचे भोक नसेल तर रंगाआधीच पाडून घ्यावे. पाणी सीटपोस्टच्या कडेने उतरते आणि साचते तिथेच, म्हणून वर्षातून एकदा सीटपोस्ट बाहेर काढून फ्रेम उलटी टांगावी, पुसावी आणि पुन्हा ग्रीस लावावे.