कोलांट्या शिकवाव्या लागत नाहीत

जळगाव-धुळ्याकडे रोलर कबुतरांबद्दल एक समज ऐकू येतो: त्यांना कोलांट्या शिकवाव्या लागतात, त्यासाठी दाण्यातून काहीतरी चारावं लागतं. हे साफ चूक आहे. उडता उडता मागे उलटत खाली येणं हा रक्तातला गुण. इंग्लंडातली बर्मिंगहॅम रोलर ही जात निवडक जोड्या लावूनच घडली. रोलरची जोडी साध्या कबुतराशी लावली, तर पहिल्या पिढीत हा गुण बहुधा दबूनच राहतो. म्हणून पिल्लं घ्यायची ती चांगल्या रोलर आईबापाची.

शिकवायचं ते ढाबळ ओळखणं आणि परतणं. पिल्लू महिन्याभराचं होऊन स्वतः दाणे टिपू लागलं, की ढाबळीवर जाळीचा पिंजरा ठेवून त्याला परिसर पाहू द्या. मग अर्धपोटी उडवा, उतरल्यावर ज्वारी-बाजरी टाका, दर वेळी तीच शिट्टी वाजवा. कोलांट्या पुढे आपोआप सुरू होतात. उशीर झाला तर कृपा करून औषधं शोधू नका.

आपल्याकडच्या मे महिन्यात उजाडताच उडवा. आणि जमिनीवर आदळेपर्यंत न सावरणाऱ्या कबुतराची वीण घेऊ नका, तो दोषही पिल्लांत उतरतो.