खोकला अठरा दिवसांचा, धीर चार दिवसांचा

"डॉक्टर, चार दिस झालं खोकला हाय, जरा पॉवरचा डोस द्या." पावसाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत कुठल्याही दवाखान्यात बसा, हे कानावर येतंच.

खोकल्याच्या हिशेबात चार दिवस म्हणजे काहीच नाही. साध्या ब्राँकायटिसचा, म्हणजे श्वासनळ्यांच्या सुजेचा, खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. लोकांची अपेक्षा मात्र सात ते नऊ दिवसांची. अँटिबायोटिकमुळे त्यातला जेमतेम अर्धा दिवस वाचतो, कारण बहुतेक वेळा दुखणं विषाणूचं असतं. पांढऱ्या रश्श्यानं नाक मोकळं वाटतं, पण विषाणू त्यालाही दाद देत नाही आणि अँटिबायोटिकलाही नाही.

मग गोळीनं गुण आल्यासारखं का वाटतं? सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. नेमकं तेव्हाच मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन ५०० या अँटिबायोटिकची तीन गोळ्यांची पट्टी घरी येते. ती संपेपर्यंत ताप, घसादुखी आपसूक उतरलेली असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! पुढच्या वेळी तीच पट्टी नाव घेऊन मागितली जाते. फुकटात मिळतात ते जुलाब, मळमळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू.

हिरवा कफ दिसला की घाबरायला होतं. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या लोहयुक्त एन्झाइमचा. विषाणूच्या सर्दीतही तो येतो.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. पेशंटला अँटिबायोटिकच हवंय असं डॉक्टर गृहीत धरतात आणि लिहून मोकळे होतात. पेशंटला बऱ्याचदा "न्यूमोनिया तर नाही ना?" एवढंच विचारायचं असतं. तेच सरळ विचारावं. शिवाय हे किती दिवस चालेल आणि काय झालं तर परत यायचं, हेही.

खोकला नाही, पण ताप, टॉन्सिलवर पू आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील तर जिवाणूची शंका रास्त. लहान मुलाचे श्वास, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजा: २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, यातही थांबू नये.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी मोफत होते. तोवर लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मनानं घेऊ नये. त्यानं क्षयाचे जंतू तात्पुरते दबतात, बरं वाटतं आणि निदान लांबतं.