बॅटरी व स्टार्टर दोषनिदान, जुन्या वाहनांतील

बॅटरीपासून स्टार्टर मोटरपर्यंत आणि तेथून इंजिनाच्या धातूमार्गे परत बॅटरीकडे येणाऱ्या विद्युत् मंडलातील दोष मोजमापाने हुडकण्याची पद्धत. बोलीभाषेत ‘सेल्फ न लागणे’ व ‘बॅटरी बसणे’ या दोन तक्रारी सरमिसळ करून सांगितल्या जातात. त्यांची कारणे मात्र पुष्कळदा वेगळी असतात. प्रस्तुत नोंदीत जुने वाहन म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे रूढ होण्यापूर्वीचे, डायनॅमो किंवा सुरुवातीच्या पिढीचा आल्टरनेटर बसवलेले वाहन असे समजावे.

इतिहास : शिसे-अम्ल घटाचे जनकत्व सामान्यतः गास्ताँ प्लाँते या फ्रेंच भौतिकीविज्ञांना व 1859 या वर्षाला दिले जाते. विल्हेल्म झिन्स्टेडेन यांनी 1854 च्या सुमारास सल्फ्यूरिक अम्लात बुडवलेल्या शिशाच्या पट्ट्या विद्युत् भार साठवतात असे नोंदवले होते, म्हणून काही लेखक त्यांना अग्रमान देतात. पुन्हापुन्हा भारित करता येणारे उपयुक्त साधन म्हणून घटाची मांडणी प्लाँते यांनीच केली, त्यामुळे रूढ मत ग्राह्य वाटते. कामीय फोर यांनी 1881 मध्ये पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत काढली. घटाची धारणशक्ती वाढली ती यानंतर.

विजेच्या स्टार्टरचा आरंभ अधिक वादग्रस्त आहे. इंग्लंडमध्ये एच. जे. डाउसिंग यांनी 1896 च्या सुमारास आर्नल्ड मोटारीवर असे साधन बसवल्याचे सांगितले जाते. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना 1903 मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. व्यवहारात टिकलेली रचना चार्ल्स केटरिंग यांची असून ती 1912 च्या कॅडिलॅक मोटारींवर आली. इंजिन हाताने फिरवण्याचे हँडल उलटून झालेल्या इजेमुळे मोटार-उद्योजक बायरन कार्टर यांचा मृत्यू झाला व त्या दुःखातून कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांनी हे काम हाती घेतले, ही कथा सर्वत्र उद्धृत होते. परंतु कथेतील प्रसंग बहुधा 1910 च्या हिवाळ्यात घातला जातो, आणि कार्टर यांचे निधन 1908 मधले आहे. कथा या रूपात तरी स्वीकारता येत नाही.

केटरिंग यांच्या रचनेचे मर्म दोषनिदानासही उपयोगी आहे. मोटर काही सेकंदच चालवायची असेल, तर तिच्यातून तिच्या आकाराला न पेलणारा प्रवाह घेता येतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून स्टार्टर लहान असूनही साध्या पेट्रोल इंजिनासाठी 150 ते 200 अँपिअर व डीझेलसाठी त्याहून बराच अधिक प्रवाह ओढतो. आणि म्हणूनच तो सलग 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये, दोन प्रयत्नांमध्ये त्याला निवू द्यावे.

दाब (व्होल्टेज) आणि रोध (रेझिस्टन्स) : मूळ कॅडिलॅक रचनेत सुरू करताना 24 व भारण करताना 6 व्होल्ट अशी व्यवस्था होती. पुढे 6 व्होल्टची पद्धत रूढ झाली आणि 1950 नंतरच्या दशकात बहुतेक मोटारी 12 व्होल्टकडे वळल्या. 12 व्होल्टच्या मंडलात एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ 0.01 ओहम असला, तरी 200 अँपिअर प्रवाहाला तेथे 2 व्होल्ट गमवावे लागतात. तेवढीच शक्ती 6 व्होल्टवर हवी असेल तर प्रवाह 400 अँपिअर लागेल आणि त्याच सांध्यावर 4 व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाचा दोन तृतीयांश भाग, खर्ची पडेल. सांध्याचा तोच दोष 6 व्होल्टच्या वाहनात प्रमाणाने चौपट जाचक ठरतो. अशा वाहनावर नंतर 12 व्होल्टच्या मापाची बारीक केबल बसवलेली असल्यास नवी बॅटरीही तोकडी पडते.

स्थिर दाब व विशिष्ट गुरुत्व : ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांच्या 1882 च्या द्वि-सल्फेट सिद्धांतानुसार विसर्जन होताना (म्हणजे बॅटरी उतरताना) दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट बनते आणि अम्ल खर्ची पडून पाणी तयार होते. द्रवाचे विशिष्ट गुरुत्व त्यामुळे भाराचे थेट माप ठरते. पूर्ण भारित घटात ते सुमारे 1.265 ते 1.280, तर उतरलेल्या घटात 1.12 च्या आसपास असते. उष्ण प्रदेशांसाठी भरलेल्या बॅटऱ्यांत ते मुळातच थोडे कमी ठेवतात. एका घटाचा आकडा इतरांपेक्षा 0.050 ने खाली असेल तर तो घट सदोष समजतात. सहाही घट सारखेच खाली असतील तर बॅटरीला दोष देण्याआधी भारण व्यवस्था तपासावी. बूच उघडणाऱ्या जुन्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घट स्वतंत्र तपासता येतो. बंद बॅटरीत ही सोय नाही, हा तिचा खरा तोटा आहे.

काही तास स्थिर राहिलेल्या 12 व्होल्ट बॅटरीत 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण, 12.2 म्हणजे साधारण निम्मा भार आणि 11.9 म्हणजे उतरलेली, असे ढोबळ मानतात. नुकत्याच भारित केलेल्या बॅटरीवरील पृष्ठभार, म्हणजे पट्ट्यांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता भार, फसवतो. तो घालवण्यासाठी हेडलाइट काही मिनिटे लावून मग मोजावे. दाब 10.5 च्या जवळ अडकला असेल तर एक घट आत शॉर्ट झाल्याची शंका घ्यावी. याउलट, घटांना जोडणारी आतली पट्टी तुटत आलेली बॅटरी 12.6 व्होल्ट बिनचूक दाखवते आणि चावी फिरवताच शून्याकडे कोसळते. स्थिर दाबावरून बॅटरी निर्दोष ठरवणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. भाराखालील कसोटीत, थंड-प्रारंभ मानांकाच्या (थंडीत बॅटरी किती प्रवाह देऊ शकते याच्या आकड्याच्या) निम्मा प्रवाह 15 सेकंद घेऊन दाब सामान्य तापमानाला 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये अशी अट असते. भारयंत्र नसेल तर इंजिन पेटू न देता स्टार्टर फिरवून तीच गोष्ट जवळपास कळते.

सल्फेटीभवनाचा वाद : दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि भारणाला दाद देत नाहीत. क्वचित वापरल्या जाणाऱ्या जुन्या वाहनांची बॅटरी बहुधा यानेच मरते. द्रवात क्षार घालून ती जिवंत होते हा समज जुना आहे. सोडियम व मॅग्नेशियम सल्फेट असलेले ‘एडी-एक्स2’ हे मिश्रण अमेरिकेत खपत होते. तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने ते निरुपयोगी ठरवल्यावर 1953 मध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांना पद सोडण्यास सांगण्यात आले. वैज्ञानिकांच्या निषेधानंतर त्यांना कायम ठेवण्यात आले, आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने संस्थेच्या चाचण्या योग्य ठरवल्या. स्पंद देणाऱ्या आधुनिक यंत्रांबाबत मतभेद आहेत. स्फटिक फार जुने नसल्यास अल्प प्रवाहाने दीर्घकाळ भारण केल्याने काही क्षमता परत येते, एवढेच खात्रीने म्हणता येते.

लक्षणे व दाबपात : चावी फिरवताना हेडलाइट लावलेले ठेवणे ही जुन्या कारागिरांची पहिली कसोटी आजही उत्तम आहे. दिवे विझू विझू झाले तर बॅटरी अशक्त, तिची टर्मिनल सैल किंवा इंजिन अथवा स्टार्टर जाम असू शकतो. दिवे प्रखर राहिले आणि काहीच घडले नाही, तर प्रवाह स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. चावीचा स्विच, सोलेनॉइडची (स्टार्टरचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या विद्युत्-चुंबकी स्विचची) बारीक तार किंवा मोटरचे झिजलेले कार्बन (ब्रश) पाहावेत. स्टार्टरच्या अंगावर हलकेच ठोकल्यावर तो फिरू लागला तर कार्बन संपत आले आहेत असे समजण्यास हरकत नाही.

टक-टक-टक असा सलग आवाज बॅटरीकडे बोट दाखवतो, आणि त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. सोलेनॉइडमध्ये ओढणारे व धरून ठेवणारे अशी दोन वेटोळी असतात. गाभा ओढला जाऊन मोठे संपर्क जुळतात, मोटरचा प्रवाह सुरू होतो, बॅटरीचा दाब कोसळतो, धरणारे वेटोळे दुबळे पडून गाभा सुटतो. दाब पुन्हा सावरतो आणि चक्र चालू राहते. धरणाऱ्या वेटोळ्यात खंड असेल तरीही असाच आवाज येतो, म्हणून बॅटरी बदलण्याआधी सोलेनॉइड तपासावे. एकच ठोस ‘टक्’ येऊन शांतता पसरली तर जळालेले संपर्क किंवा अडकलेली मोटर संभवते. मोटर नुसती भिरभिरली आणि इंजिन हलले नाही, तर दोष बेंडिक्सचा (स्टार्टरचे दाते फ्लायव्हीलमध्ये गुंतवणाऱ्या भागाचा) किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांचा असतो.

इंजिन जड फिरत असल्यास दाबपात, म्हणजे केबल व सांध्यांत गमावले जाणारे व्होल्ट, मोजणे हाच निर्णायक मार्ग होय. इग्निशन कॉइलची बारीक तार काढून ठेवावी, म्हणजे इंजिन पेटणार नाही. व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरे स्टार्टरच्या मोठ्या टर्मिनलवर टेकवून स्टार्टर फिरवावा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास त्या बाजूचे सांधे एकेक करून मोजावेत. ऋण खांब व स्टार्टरचे आवरण यांच्यात 0.2 व्होल्टहून अधिक असू नये. रंगकाम किंवा इंजिनाच्या दुरुस्तीनंतर इंजिन-चॅसिस अर्थिंगची पट्टी बसवायची राहून गेल्यास प्रवाह ॲक्सिलरेटरच्या वा चोकच्या तारेतून वाट काढतो. ती तार तापलेली आढळणे ही पक्की खूण आहे. दोन्ही बाजू निर्दोष, बॅटरी निर्दोष आणि तरी इंजिन जड असेल तर क्लॅम्पमापकाने प्रवाह पाहावा. श्रेणी-वेटोळ्याच्या मोटरचा वेग कमी झाला की विरोधी विद्युत् चालक प्रेरणा (फिरत्या मोटरमध्येच निर्माण होणारा उलट दाब) घटते आणि प्रवाह वाढतो. म्हणून मंद वेग व भरमसाट प्रवाह म्हणजे झिजलेले बुश (आसाचे आधार), घासणारे आर्मेचर किंवा खुद्द इंजिन जड. मंद वेग व अल्प प्रवाह म्हणजे मंडलात कोठेतरी रोध.

कॉइलचा प्रवाह मर्यादित करणारा बॅलास्ट रोध तुटलेल्या पेट्रोल वाहनात इंजिन स्टार्टर फिरताना पेटते आणि चावी सोडताच बंद पडते. सुरू करताना कॉइलला बॅलास्ट वगळून प्रवाह मिळतो, त्यामुळे बॅलास्ट तुटल्याचे तोवर लक्षात येत नाही. येथे बॅटरी व स्टार्टर दोन्ही निर्दोष असतात.

भारण व गळती : इंजिन मध्यम वेगाने चालू असताना 12 व्होल्ट पद्धतीत 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळावेत. डायनॅमो मंद वेगावर जवळजवळ काहीच पुरवत नाही, त्यामुळे रेंगाळत्या वाहतुकीत चालणारे वाहन निर्दोष असूनही बॅटरी उतरवते. बॅटरी चुकून उलट जोडली गेली असल्यास डायनॅमोची ध्रुवता पूर्ववत करावी लागते. अनेक ब्रिटिश मोटारींत 1960 नंतरच्या दशकापर्यंत धन टोक अर्थिंगला असे; आल्टरनेटर बसवताना ही बाब नजरेआड झाली तर त्याचे डायोड तत्काळ जळतात.

उभ्या गाडीत रातोरात बॅटरी उतरत असेल तर ऋण केबल सोडवून तिच्या मार्गात अँपिअरमापक घालतात. घड्याळ नसलेल्या जुन्या वाहनात प्रवाह जवळपास शून्य हवा. 50 मिलिअँपिअरच्या वर असल्यास फ्यूज एकेक काढून शाखा शोधावी. फ्यूजमधून न जाणारा आल्टरनेटर यात निसटतो, म्हणून त्याची जाड तार सोडवून पुन्हा मोजावे. मापक जोडलेला असताना स्टार्टर फिरवल्यास मापक जळतो. भारणानंतर लगेच केबल काढू वा जोडू नये, कारण हवेत 4 टक्के हायड्रोजन साचला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो.