द होल नाइन यार्ड्स

‘द होल नाइन यार्ड्स’ हा अमेरिकी इंग्रजीतला अनौपचारिक वाक्प्रचार आहे. शब्दशः ‘अख्खे नऊ वार’, प्रत्यक्षात ‘सगळे काही, कशातही काटछाट न करता’. मराठीत जिथे ‘साग्रसंगीत’ म्हणू, तिथे तो बहुतेक वेळा चपखल बसतो. लग्नातला मांडव, रोषणाई, वाजंत्री, पंगती सांगून झाल्यावर शेवटी हे चार शब्द जोडले की ‘आणि उरलेलेही सगळे’ असे सुचवले जाते. ‘गो’ या क्रियापदासोबत त्याचा अर्थ काम तडीस नेणे असा होतो. गप्पांत आणि वृत्तपत्री लेखनात तो सहज चालतो, करारनाम्यात किंवा शोधनिबंधात खटकतो.

नऊ वार कशाचे, यावर मात्र तर्कांचा पूर आहे. सर्वांत लोकप्रिय तर्क दुसऱ्या महायुद्धातला: लढाऊ विमानातल्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा २७ फूट, म्हणजे नऊ वार लांब होता आणि वैमानिक तो शत्रूवर पूर्ण रिकामा करीत. गोष्ट रंगतदार आहे, पण त्या काळच्या एकाही कागदात हा वाक्प्रचार या अर्थाने सापडलेला नाही. शिवाय तो युद्धाच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या ‘मिचेल कमर्शियल’ या वृत्तपत्राने १९०७ साली बेसबॉलच्या एका सामन्याबद्दल लिहिताना ‘फुल नाइन यार्ड्स’ असे म्हटले होते. १९१२ मध्ये केंटकीतल्या वृत्तपत्रात तर ‘होल सिक्स यार्ड्स’ आढळते. सहाचे नऊ सहज होत असतील, तर मुळात कुठलीही नेमकी नऊ वारांची वस्तू शोधण्यात अर्थ नाही. आकडा केवळ भरघोसपणासाठी आला असावा. येल विद्यापीठातले फ्रेड शापिरो यांनी हाच मुद्दा मांडला आणि तो सर्वांत पटणारा आहे. अत्यानंद सुचवणाऱ्या ‘क्लाउड सेव्हन’ या वाक्प्रचाराचेही पुढे ‘क्लाउड नाइन’ झालेच. १९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाच्या बोलीतून हा वाक्प्रचार सर्वदूर पसरला.

त्याचा उगम भारतीय साडीत असल्याचेही हौसेने सांगितले जाते. नऊवारी लुगडे डोळ्यांसमोर असणाऱ्या मराठी वाचकाला ते लगेच पटते, पण त्याला कसलाही पुरावा नाही. सर्वांत जुने दाखले इंडियाना-केंटकीच्या लहान गावांतले आहेत. भारतीय इंग्रजी नियतकालिके साडीवरच्या लेखांना ‘नाइन यार्ड्स’ असे मथळे देतात, तेव्हा ती शब्दांवरची कोटी असते. रोजची साडी तर साधारण सहा वारांची असते.