नोकरीच्या आधाराने चित्रकला : सातारा-सांगलीतील कलाकारांच्या कामामागचा इतिहास

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या चित्रकाराची ओळख करून देताना ‘हे चित्रकार आहेत’ एवढ्यावर सहसा थांबता येत नाही. ते अमुक हायस्कूलमध्ये कलाशिक्षक आहेत, त्यांचे छपाईचे दुकान आहे किंवा ते पुतळ्यांची कामे घेतात, असे दुसरे वाक्य लगेच जोडावे लागते. केवळ चित्रे विकून घर चालवणारी माणसे या भागात पूर्वीही मोजकी होती आणि आजही मोजकीच आहेत. हा निव्वळ पोटापाण्याचा तपशील मानून सोडून देण्यासारखा नाही, कारण कोणते माध्यम निवडायचे, चित्र केवढे करायचे, दिवसाच्या कोणत्या वेळी करायचे आणि कोणासाठी करायचे, हे इथे बहुतेक वेळा त्या दुसऱ्या वाक्यातील व्यवसायानेच ठरवले आहे. आजचे कलाकार जसे काम करतात तसे ते का करतात, याचे उत्तर गेल्या शे-सव्वाशे वर्षांच्या घडामोडींत सापडते.

त्याआधीच्या काळातील खुणा आहेत, पण माणसे हाती लागत नाहीत. वाईच्या मोतीबागेतील आणि मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे पेशवेकालीन आहेत. ती कोणी करवून घेतली हे सांगता येते, कोणी रंगवली हे मात्र सांगता येत नाही. कलाकाराचे नाव, त्याचे शिक्षण आणि त्याची मिळकत यांविषयी काही ठामपणे बोलता येते ते औंधपासून.

औंध हे लहान आणि विखुरलेले संस्थान होते. राजधानीचे औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल हे संस्थानचे भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतात. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. राजाने चित्रकारांना पदरी ठेवणे ही जुनी रीत होती, पण राजालाच रेखाटनाची आणि रंगलेपनाची अडचण ठाऊक असणे ही निराळी गोष्ट होती. त्यांनी स्वतः चितारलेले ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची मदत देऊ केली आणि त्या आवृत्तीसाठी चित्रेही काढली. राजा रवी वर्मा आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासह अनेकांची चित्रे त्यांनी जमवली. तैलचित्रांबरोबर लघुचित्रे, बंगाली शैलीतील कामे आणि युरोपीय कलेचे नमुनेही गोळा केले आणि १९३८ मध्ये यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभे केले. तेच आजचे श्रीभवानी संग्रहालय होय.

या संग्रहालयाचे मोल त्याच्या जागेमुळे वाढते. मुंबईला जाऊन एखादे प्रदर्शन पाहणे ही ज्यांच्या दृष्टीने वर्षातून एकदाही न घडणारी गोष्ट होती, त्या खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातील मुलांना मूळ तैलचित्र किती मोठे असते, त्याचा पृष्ठभाग जवळून कसा दिसतो आणि छापील कॅलेंडरपेक्षा ते कुठे वेगळे असते, हे बसच्या तिकिटाच्या खर्चात पाहता आले. या भागातील कलाशिक्षकांच्या बोलण्यात औंधची सहल हमखास येते ती यामुळेच. मात्र या संग्रहाला मर्यादाही आहे आणि ती सांगितली पाहिजे. हा एका माणसाच्या आवडीचा संग्रह आहे. पंतांना पौराणिक प्रसंग, कथा सांगणारे चित्र आणि हुबेहूबपणा आवडे, त्यामुळे रूप मोडून पाहणारी आधुनिक कला इथे तुरळकच आहे. हेन्री मूर यांचे ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्प हा त्याला ठळक अपवाद. पण रवी वर्मांच्या चित्रापाशी रेंगाळणारी शाळकरी रांग त्याच्यापुढून भराभर पुढे सरकते, आणि ते शिल्प तसे का घडवले असावे हे मुलांना थांबवून सांगणारा शिक्षक विरळाच. या जिल्ह्यांतील चित्रकलेवर यथार्थदर्शनाची पकड इतकी घट्ट का, याचे एक कारण या दालनांत आहे.

औंधचे दुसरे देणे म्हणजे तेथे जमलेली माणसे. वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जाणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार होते. हैदराबाद आणि लाहोर येथे चित्रकला व छायाचित्रण यांवर चरितार्थ चालवल्यानंतर ते औंधला आले आणि वैदिक ग्रंथांचे प्रकाशन करणाऱ्या स्वाध्याय मंडळाच्या कामात गढून गेले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर औंधच्या या वातावरणात वाढले, मुंबईत आणि नंतर युरोपात शिकले आणि पुढे महाराष्ट्राचे कला संचालक झाले. संस्थानी आश्रयाखाली वाढलेला मुलगा सरकारी कलाशिक्षणाच्या प्रमुखपदी पोहोचतो, या एका उदाहरणात आश्रयदाता बदलल्याचा सगळा प्रवास आला आहे.

त्याच संस्थानच्या कुंडल भागातील माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे चित्रकार होण्यासाठीच जे. जे. मध्ये दाखल झाले होते. काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटनाची वाट धरली. पुढचे नांगर आणि पंप या वाटेवरचे आहेत. त्यांच्या कारखान्याच्या आवारातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ (पुढचे ‘किर्लोस्कर’) मासिक सुरू झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले आणि व्यंगचित्रे काढणारे होते. महिन्याला तीन मुखपृष्ठे, आतली कथाचित्रे, शीर्षकांची अक्षरे आणि जाहिराती एवढे काम म्हणजे चित्रकाराला पगारी नोकरी. ग. ना. जाधव यांच्यासारख्या जलरंगात मुरलेल्या चित्रकाराने तेथे काम केले आणि त्यांची मुखपृष्ठे घराघरांत गेली. राजाच्या चित्रकाराला विषय राजा देई, मासिकाच्या चित्रकाराला तो संपादक आणि तारीख देई. चित्राचे माप छपाईच्या पानाने ठरे, रंग छपाईच्या ठशात (ब्लॉकमध्ये) जितके उतरतील तितकेच वापरायचे, आणि मूळ चित्राचे काय झाले याची विचारपूस पुष्कळदा कोणी करत नसे. आजचा जो कलाकार पुस्तकांची मुखपृष्ठे किंवा दिवाळी अंकांची सजावट करतो, त्याच्या कामाची शिस्त औंधच्या दरबाराऐवजी किर्लोस्करवाडीच्या या खोल्यांतून आलेली आहे, असे माझे मत आहे.

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सातवळेकर औंध सोडून गुजरातेतील पारडीला गेले, मासिकांचे बिऱ्हाडही कालांतराने पुण्याला हलले. दरबार आणि छापखाना हे दोन्ही आधार गेल्यावर जो उरला तो शाळेचा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था आणि तिच्यामागोमाग निघालेल्या इतर संस्था यांनी गावोगाव हायस्कुले उघडली, आणि हायस्कूल म्हटले की ड्रॉइंग मास्तराची जागा आली. मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला जाऊन पदविका घ्यायची आणि जिल्ह्यात परतून शाळेत रुजू व्हायचे, हा रस्ता त्यानंतरच्या काही पिढ्यांनी मळवला. १९६५ मध्ये कला संचालनालय स्वतंत्र झाल्यावर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचा पसारा वाढत गेला आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन ही शाळेच्या कलावर्गाची चौकट पक्की झाली.

आज साठीत असलेल्या चित्रकारांची कामाची पद्धत या नोकरीने घडवली. तैलरंगाला दिवसेंदिवस वाळण्याची सवड लागते, जागा लागते, आणि टर्पेंटाइनचा वास दोन खोल्यांच्या घरात कोणी खपवून घेत नाही. जलरंगाचे तसे नसते. रविवारी पहाटे फळी, क्लिपा, पाण्याची बाटली आणि पत्र्याची रंगपेटी पिशवीत टाकून मोटारसायकलवर निघायचे, मेणवलीच्या घाटावर किंवा हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर ऊन कोवळे असतानाच जागा धरायची. आकाशाचा आणि पाण्याचा पहिला ओला हात मारून तो अर्धवट सुकेपर्यंत पेन्सिलीने घाटाच्या पायऱ्या पुन्हा तपासायच्या, मग सावल्या एका दमात टाकायच्या, कारण नऊनंतर त्या जागेवर राहत नाहीत. दुपारच्या आत काम संपलेले असते, कागद घरी येईपर्यंत वाळतो आणि पलंगाखाली सपाट ठेवता येतो. मोठी कामे दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत. एरवीच्या संध्याकाळी वर्गाच्या वह्या असतात, गॅदरिंगचे नेपथ्य असते, फलकलेखन असते आणि संस्थेच्या वर्धापनदिनाची कमान असते. या आयुष्याने जलरंगातील निसर्गचित्राची चांगली परंपरा दिली. तिचा तोटा असा, की परीक्षेच्या कागदावर मुलांना रोज शिकवलेली सफाई शिक्षकाच्याही हातात इतकी मुरते, की चूक होऊ देणारे, फसण्याची शक्यता असलेले चित्र काढायला तो कचरतो.

हा आधारही आता डळमळला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद केली, आणि राज्यात २०१५ नंतर अतिथी निदेशकांची पद्धत पुढे आली. एखादे कलाशिक्षक निवृत्त झाले की ती पूर्णवेळ जागा पुन्हा भरली जाईलच याची खात्री राहिली नाही. पदविका घेऊन गावी परतणाऱ्या तरुणाला वडिलांच्या पिढीचा पगार, सुट्ट्या आणि निवृत्तिवेतन या तिन्ही गोष्टी दिसत नाहीत.

शाळेबाहेरचा मोठा रोजगार होता तो पेंटरचा. त्याची मुळे रंगभूमीत आहेत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे नाटक कंपन्यांना पडदे लागू लागले आणि ते रंगवणारे हातही तयार झाले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे त्यांतील सर्वांत नामांकित. पडद्यानंतर सिनेमाचे बॅनर आले, दुकानांच्या पाट्या आल्या, सहकारी साखर कारखान्यांच्या आणि निवडणुकांच्या भिंती आल्या. छायाचित्रावर चौकोन आखून तेच चौकोन भिंतीवर मोठे करायचे, खडू फासलेली दोरी दोघांनी ताणून टिचकीने ओळ उमटवायची, मग एनॅमलमध्ये अक्षराचा कणा आणि शेवटी सावली. शाळेत न शिकताच रेखाटनावर हुकूमत मिळवलेले कितीतरी लोक या कामात तयार झाले. २००० नंतरच्या काही वर्षांत फ्लेक्सने हा धंदा बसवला. काही पेंटर गणेशमूर्तींच्या रंगकामात गेले, काहींनी संगणक घेऊन फ्लेक्सचेच डिझाइन सुरू केले, काही रांगोळीकडे वळले. चित्रकलेच्या इतिहासात या वर्गाची नोंद जवळपास होतच नाही. माझ्या मते त्यांच्याइतके मोठ्या आकारात रेखाटण्याचे सातत्य शिकलेल्या चित्रकारांपैकी फार थोड्यांना लाभले.

जिल्ह्याबाहेर जाऊन नाव मिळवलेल्यांतही हाच नमुना दिसावा हे लक्षणीय आहे. सुधीर पटवर्धन यांचे बालपण सांगलीत गेले. पुण्यात वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्यांनी ठाण्यात १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला, आणि कामगार, लोकल, उपनगरे यांची चित्रे त्या व्यवसायाच्या जोडीनेच केली. फरक एवढाच, की पगारी कामाने त्यांच्या चित्राचा विषय किंवा माप ठरवले नाही, फक्त वेळ मर्यादित केला. आधुनिक भारतीय चित्रकला महाराष्ट्रातील लहान-मोठ्या शहरांपर्यंत नेणाऱ्या फिरत्या प्रदर्शनासाठीही त्यांनी पुढाकार घेतला.

आज या दोन जिल्ह्यांत नोकरीची जागा मागणीच्या कामाने घेतली आहे. त्यांत सर्वांत किफायतशीर आहे तो पुतळा. चौकातील पुतळ्यासाठी आधी शाडूचा नमुना करायचा, त्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यायची, समितीने सुचवलेले बदल करायचे, मग साचा, मेण आणि ओतकाम. यात महिनोन्महिने जातात आणि पैसे टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून शिल्पकार एकाच वेळी दोन-तीन कामे अंगावर घेतो. चित्रकाराकडे मागणी येते ती मोबाइलवर आलेल्या फोटोवरून व्यक्तिचित्र करण्याची. हॉटेल-रिसॉर्टच्या भिंतींची कामे महाबळेश्वर-पाचगणीकडे मिळतात. पाचगणीच्या देवराई कलाग्रामात गडचिरोलीचे कारागीर धातू आणि दगड यांचा मेळ घालून शिल्पे करतात, हे बाहेरून आलेल्या कलेने येथे बाजार शोधल्याचे उदाहरण आहे. सांगलीत नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांना आणखी एक हिशेब करावा लागतो. २००५ मध्ये, पुन्हा २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा, आणि २०२१ मध्येही, पूर वस्त्यांत शिरला. त्यामुळे तेथे तळमजल्यावर चित्रे आणि कागद ठेवणे आता कोणी पसंत करत नाही आणि मोठ्या कॅनव्हासऐवजी जिन्यावरून चटकन वर नेता येईल एवढ्याच मापाचे काम करण्याकडे कल वाढतो.

प्रदर्शनाची बाजू सर्वांत लंगडी आहे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात जागा मिळण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते, आणि मिळाल्यावर चौकटी, वाहतूक, मुक्काम यांचा खर्च स्वतःच करायचा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी लागणारी प्रदर्शने बहुधा एखाद्या सभागृहात दोन-तीन दिवसांची असतात. तेथे उद्घाटनाला गर्दी होते, चित्राखालची किंमत विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात, आणि त्यांतले निम्मे जण त्याच वेळी आपल्या वडिलांचा फोटो देऊन तसे एक चित्र करून मिळेल का, असे विचारतात.