प्रभाग समिती की मोहल्ला कमिटी: आपला प्रश्न नेमका कुठे न्यायचा?

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर अधूनमधून एक निरोप येतो: "उद्या वॉर्ड ऑफिसला समितीची मीटिंग आहे, जमेल त्यांनी या." चार-पाच जण जातात, तुंबलेल्या ड्रेनेजची आणि न उचललेल्या राडारोड्याची तक्रार मांडतात आणि परत येऊन सांगतात, "प्रभाग समितीत विषय घातलाय." बहुतेक वेळा ते प्रभाग समितीत गेलेलेच नसतात. ते जाऊन आलेले असतात मोहल्ला कमिटीला.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही बैठका एकाच क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसातच होतात, कधीकधी एकाच सभागृहात. समोर बसलेले सहायक आयुक्त तेच, अभियंते तेच. विषयही तेच: पाणी, कचरा, गटार, पथदिवे, पदपथ. पण एकीकडे झालेला ठराव महापालिकेच्या कारभाराचा भाग होतो आणि दुसरीकडे झालेली चर्चा ही कितीही मनापासून झाली तरी चर्चाच असते. हे माहीत नसल्यामुळे लोकांचे महिनेच्या महिने वाया जातात, आणि एकदा असे वाया गेले की माणूस पुन्हा फिरकत नाही. मला खरी काळजी या दुसऱ्या गोष्टीची वाटते.

आधी 'प्रभाग' हा शब्दच सोडवून घेऊ, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. निवडणुकीतला प्रभाग म्हणजे आपण जिथून नगरसेवक निवडून देतो तो मतदारसंघ. प्रभाग समिती मात्र अशा एका प्रभागाची नसते. एका क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत येणाऱ्या सगळ्या प्रभागांची मिळून ती एक असते. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, त्यामुळे प्रभाग समित्याही १५. मुंबईत तर ए, बी आणि ई अशा तीन विभागांची मिळून एक समिती असते. म्हणजे आपल्या गल्लीचा प्रश्न तिथे पोचतो तेव्हा तो कित्येक गल्ल्यांच्या प्रश्नांबरोबर रांगेत उभा असतो.

प्रभाग समितीचं मूळ थेट राज्यघटनेत आहे. ७४वी घटनादुरुस्ती १९९२ ची, ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने घटनेत आणलेला अनुच्छेद २४३ एस सांगतो की ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या पालिकाक्षेत्रात प्रभाग समित्या असायला हव्यात. आपल्याकडे १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात त्यासाठी कलम २९अ आहे. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, पण तिथेही ही तरतूद आहे.

समितीत कोण असतं? त्या हद्दीतून निवडून आलेले सगळे नगरसेवक, तिथला प्रभारी अधिकारी, आणि स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्थांमधून नगरसेवकांनी नेमलेले जास्तीत जास्त ३ सदस्य. अध्यक्ष नगरसेवकांमधूनच निवडला जातो. या ३ जागा मला फार महत्त्वाच्या वाटतात. कायद्याने नागरिकांसाठी उघडलेली ही एवढीच फट आहे, आणि तिथे कोणाची नेमणूक होते याकडे आपण क्वचितच लक्ष देतो. कचरा वेचणाऱ्यांसोबत किंवा नदीकाठच्या वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेलं माणूस तिथे बसलं तर बैठकीचा नूरच बदलेल.

कामं तीन प्रकारची. पाणीपुरवठा, ड्रेनेज, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा यांबाबतच्या सर्वसाधारण तक्रारींची लवकर तड लावणं हे पहिलं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागासाठी ज्या खर्चाच्या तरतुदी सुचवल्या जातात, त्यांवर विचार करून शिफारस करणं हे दुसरं. आणि हद्दीतल्या ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांना प्रशासकीय आणि आर्थिक मंजुरी देणं हे तिसरं. पुढच्या दोन कामांत पैशाचा संबंध आहे. मोहल्ला कमिटीपाशी नेमका तोच नाही.

आता मोहल्ला कमिटी. हे नाव महाराष्ट्रात गाजलं ते भिवंडीमुळे. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली या यंत्रमागांच्या गावाने सोसल्या होत्या. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात हिंदू आणि मुसलमान रहिवाशांच्या एकत्र समित्या बांधल्या. दंगल पेटल्यावर लोकांना शांततेची भाषणं ऐकवण्यापेक्षा, एरवीच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या छोट्या भांडणांसाठी त्यांना एकत्र बसवायचं, पोलिसांशी ओळख वाढवायची, असं ते काम होतं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशा मंडळींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या.

मला या इतिहासातली एक गोष्ट लाखमोलाची वाटते. या समित्यांकडे कायद्याने दिलेला कुठलाच अधिकार नव्हता. ठराव करून त्या एक रुपयाही खर्च करू शकत नव्हत्या. तरी त्यांनी जे साधलं ते कायद्याच्या चौकटीतल्या समित्यांना साधलं नसतं, कारण तिथे बसलेली माणसं एकमेकांना तोंडओळखीपलीकडे ओळखू लागली होती.

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांत भरणारी मोहल्ला कमिटी ही त्याहून निराळी. तिचा विषय नागरी सुविधांचा. पुण्यात ती साधारण महिन्यातून एकदा भरते. परिसरातला कुठलाही रहिवासी जाऊ शकतो, सदस्यत्व वगैरे लागत नाही. पाणी, पथ, घनकचरा, ड्रेनेज, विद्युत अशा खात्यांचे लोक बोलावलेले असतात. आपण उठून बोलायचं, संबंधित कनिष्ठ अभियंत्याने उत्तर द्यायचं, ते लिहून घेतलं जायचं. पोलीस ठाण्यात सणावारांच्या आधी बोलावतात ती शांतता समिती पुन्हा तिसरीच, तिची यात सरमिसळ नको. इतर शहरांत अशा बैठकांना निराळी नावं असतील. मुंबईत नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झालेलं 'प्रगत परिसर व्यवस्थापन', म्हणजे एएलएम, हे त्याच जातकुळीतलं. रहिवासी आपल्या गल्लीपुरते एकत्र येतात आणि पालिकेच्या विभाग कार्यालयाशी थेट बोलतात.

फरक कुठे बोचतो ते माझ्या अनुभवावरून सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाचं पाणी गुडघाभर साचायचं. शाळेची मुलं भिंतीला धरून चालायची. आम्ही मोहल्ला कमिटीत गेलो. अभियंते सभ्य होते, त्यांनी वहीत नोंद केली, दोन दिवसांत माणसं पाठवून चेंबर साफ करून दिलं. आठवड्याने पुन्हा पाणी साचलं. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा चेंबर साफ झालं. चौथ्या खेपेला एका अभियंत्यांनीच मला बाजूला घेऊन समजावलं: "ताई, इथली पावसाळी लाइनच लहान आहे. ती बदलायची तर काम अंदाजपत्रकात धरावं लागेल. मी इथे नुसती सफाई करून देऊ शकतो." त्यांनी दडवून काहीच ठेवलं नव्हतं. आम्हीच चार महिने चुकीच्या बैठकीत योग्य प्रश्न विचारत होतो.

तेव्हापासून मी कोणीही विचारलं की एकच कसोटी सांगते. जे आहे ते नीट चालवायचं असेल, तर मोहल्ला कमिटी. बंद पडलेला दिवा, तुटलेलं चेंबरचं झाकण, वेळेवर न येणारी घंटागाडी, रस्त्यात पडलेला राडारोडा, बेकायदा फ्लेक्स, अवेळी येणारं पाणी: यांसाठी नवा पैसा मंजूर व्हावा लागत नाही. माणूस आणि साहित्य असतंच, फक्त कुणीतरी लक्ष घालावं लागतं. त्या कामासाठी मोहल्ला कमिटीइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे आपण स्वतः बोलू शकतो आणि खात्याचा माणूस समोर असतो. ड्रेनेजवाला म्हणतो पथ खात्याने खोदलं, पथवाला म्हणतो पाणीवाल्यांनी, ही टोलवाटोलवी दोघं शेजारी बसलेले असताना फार वेळ टिकत नाही.

आणि जे नाही ते हवं असेल, तर प्रभाग समिती. नवी पावसाळी लाइन, नवा पदपथ, वस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह, उद्यानात दिवे. यांना तरतूद लागते, आणि तरतुदीचा रस्ता नगरसेवकांमधून जातो. अडचण अशी की प्रभाग समितीत तुम्हाआम्हाला स्वतः उठून बोलण्याचा हक्क नाही. तिथे विषय सदस्यानेच मांडावा लागतो. म्हणून आधी नगरसेवकाला किंवा त्या तीन नियुक्त सदस्यांपैकी कुणाला तरी पटवायचं, लेखी पत्र द्यायचं, विषय कार्यपत्रिकेवर आलाय की नाही ते बघायचं. 'सांगितलंय त्यांना' एवढ्यावर थांबलेला विषय कार्यपत्रिकेवर येतच नाही.

पुण्यात आणखी एक वाट आहे, जिची माहिती आजही कमी लोकांना असते. २००६-०७ पासून महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी छोटी कामं मागवते. एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो, तिथे खर्चाचा अंदाज निघतो आणि प्रभाग समितीत त्यावर निर्णय होऊन यादी पुढे जाते. आमची पावसाळी लाइन त्या मर्यादेत बसत नव्हती, म्हणून ती नगरसेवकांमार्फतच न्यावी लागली. पण वळणावरचा खचलेला पदपथ आम्ही या वाटेने करून घेतला. अर्जात जागा नेमकी लिहावी, खांबाचा क्रमांक किंवा शेजारच्या इमारतीचं नाव द्यावं. 'आमच्या भागात पदपथ सुधारावेत' अशा मोघम अर्जाचा खर्च कुणी काढू शकत नाही.

दोन्हींमधला खरा फरक मला उमगला तो मार्च २०२२ नंतर. पुणे आणि मुंबई महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. नगरसेवक नाहीत, म्हणजे प्रभाग समित्याही नाहीत. घटनेने सांगितलेली समिती नाहीशी झाली. उलट कायद्याचा आधार नसलेली मोहल्ला कमिटी तेवढी नागरिकांच्या हाती उरली. त्या काळात तिथे गर्दी वाढली यात नवल नाही, पण लोक नव्या रस्त्याची मागणीही तिथेच घेऊन येऊ लागले आणि अधिकाऱ्यांना प्रत्येकाला तेच उत्तर द्यावं लागलं. कायद्याचा आधार नसण्याचा तोटाही तेव्हाच कळला: बैठक कधी घ्यायची, कुणी यायचं, उत्तर किती दिवसांत द्यायचं, हे त्या-त्या अधिकाऱ्याच्या तळमळीवर अवलंबून. चांगला अधिकारी असला की सभागृह भरलेलं, बदली झाली की रिकाम्या खुर्च्या.

या दोन्हींच्या मधली जागा भरून काढणारी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आहे. तिचं नाव क्षेत्रसभा. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात ती आणली. काही मतदान केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार तिचे सदस्य, म्हणजे शहरातली ग्रामसभाच म्हणा. मोहल्ला कमिटीसारखं तिथे कुणालाही बोलता आलं असतं आणि त्या बोलण्यामागे कायद्याचा आधारही असता. नागरिक संघटना वर्षानुवर्षं तिच्यासाठी पाठपुरावा करत आहेत, तरी बहुतेक वाचकांनी आपल्या भागात क्षेत्रसभा भरलेली पाहिली नसेल. मला याचं वाईट वाटतं. गावातल्या माणसाला जो हक्क ग्रामसभेत मिळतो, तो शहरात राहायला आलं की का संपावा?

तोवर हाताशी असलेल्या दोन्ही बैठका नीट वापरायच्या. माझा भर लेखी कागदावर असतो. मोहल्ला कमिटीत तोंडी बोललात तरी निवेदनाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या. पुढच्या महिन्यात जाताना तीच प्रत दाखवा. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून सुरुवात करा असा आग्रह धरा. काही ठिकाणी ते ठेवलंच जात नाही, आणि मागितलं की पुढच्या वेळेपासून ठेवू लागतात. प्रभाग समितीचं इतिवृत्त मात्र असतंच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार आपल्या समित्यांची माहिती, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त बघायला मिळतं का, हे कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचं असतं. मिळालं नाही तर १० रुपयांच्या अर्जावर मागता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात ठराव क्रमांक आणि तारीख सापडली की पुढचं बोलणं सोपं होतं.

आमच्या पावसाळी लाइनचं पत्र आम्ही ऑक्टोबरमध्ये दिलं. अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होतं, पण त्याची जुळवाजुळव आदल्या वर्षीच सुरू होते, म्हणून पाऊस थांबल्या थांबल्या कागद पुढे सरकलेला बरा. सोबत पाणी साचल्याचे तारखेसह फोटो जोडले आणि मोहल्ला कमिटीतल्या चारही निवेदनांच्या शिक्का मारलेल्या प्रतीही. त्या चार महिन्यांचा उपयोग असा झाला: समितीत विषय मांडणाऱ्या नगरसेविकांनी तेच कागद टेबलावर ठेवले आणि विचारलं, एकाच चेंबरची सफाई आणखी किती वेळा करायची?